नळ्या बसल्या, आत्या राहिली

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (हा तोंडदेखला नाही. गेला आठवडाभर मी गाडीखाली आठही अंगांनी जमिनीला टेकलेलाच आहे, फक्त उताणा.) तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. धाकटा सांगत होता की तू फार वाळलीस, मनगटावरचं घड्याळ हल्ली कोपरापर्यंत सरकतं. ऐकून वाईट वाटलं. दूध घेत जा. इकडे सगळं ठीक. बायको माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

सहा महिने धाकट्याकडे, सहा माझ्याकडे, ही तुझी ठरलेली वाटणी. त्याप्रमाणे रविवारी मी तुला न्यायला येणार होतो, आणि आलो नाही. तू सकाळपासून पिशवी भरून दाराशी बसलीस, संध्याकाळी ती रिकामी केलीस, आणि थोरल्याकडे मला जागा नसेल तर त्याने तसं सरळ कळवावं, गाडीचं निमित्त नको, असं म्हणालीस, हे धाकट्याने मला शब्दही न गाळता कळवलं. (असले निरोप तो कधी विसरत नाही.) तेव्हापासून तू फोनवर येत नाहीस, म्हणून हे पत्र. आत्या, प्रश्न जागेचाच आहे, पण घरातल्या जागेचा नाही. तुझी खोली झाडून ठेवलेली आहे. जागा गाडीत नाही.

खरं तर ही काडी तूच टाकलीस. मागच्या खेपेला त्या मोठ्या चढावर गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा तू जरा पाय मोकळे करते म्हणून उतरलीस. आम्ही गाडीसकट वर पोचलो तेव्हा तू मैलाच्या दगडावर बसून केस विंचरत होतीस. काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर परवडलं असतं. मी तडक मिस्त्रीला गाठलं. तो म्हणाला, गाडीला श्वास सोडता येत नाही. इंजिनाचा धूर ज्यातून बाहेर पडतो तो जुना ओतीव लोखंडाचा ठोकळा काढायचा आणि तिथे हेडर नावाचा लांब नळ्यांचा जुडगा बसवायचा, की चढ काय आणि सपाटी काय. हेडर बाहेरून मागवला, तो गेल्याच आठवड्यात आला. बऱ्याच गाड्यांना बसतो असं खोक्यावर छापलं होतं. आपली गाडी त्या बऱ्याच गाड्यांत मोडत नाही हे खोकं उघडल्यावर कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जुन्या ठोकळ्याचे नट इतकी वर्षं तिथे राहून घरचेच झाले होते, निघायलाच तयार नाहीत. ते निघाले तर हेडर आत जाईना. वाटणीला बसलेल्या भावांसारखी चारही नळ्यांची तोंडं चार दिशांना. वरून घातला, अडकला. खालून घातला, अडकला. मग मिस्त्रीने इंजिनाचे पाय सोडवले आणि खाली फळी लावून ते जॅकने उचललं. (बायको चहा घेऊन बाहेर आली होती. अधांतरी इंजिन बघून चहासकट आत गेली. अबोला तिथपासूनचा.) एकदाचा हेडर आत गेला, तर एक नळी स्टीअरिंगच्या दांड्याला टेकली. गाडी डावीकडे वळे, उजवीकडे नाही. डाव्या वळणांनीच तुझ्यापर्यंत पोचता येईल असा रस्ता मी शोधू लागलो, तेवढ्यात मिस्त्रीने त्या कोऱ्या चकचकीत नळीवर फडकं ठेवलं आणि हातोड्याने ती चांगली चेपली. मी ती वस्तू उशाशी घेऊन झोपलो होतो गं!

पुढे काय, नाकापेक्षा मोती जड. नळ्यांच्या धगीने बॅटरी भाजेल म्हणून बॅटरी गेली डिकीत. डिकीत बॅटरी, म्हणून तिथली स्टेपनी आली मागच्या सीटवर, तुझ्या खिडकीशी. स्टेपनी घरी ठेव म्हणशील, पण बाकीच्या टायरांची अवस्था तुला माहीत आहे. आणि पुढच्या सीटवर तू बसत नाहीस, तिथून माझं ड्रायव्हिंग दिसतं म्हणून. तर यात माझा काय दोष ते तूच सांग. थोडे दिवस धाकट्याकडेच काढ, राग मानू नकोस. कागदावरचे डाग तेलाचे आहेत, अश्रूंचे नाहीत.

तुझा थोरला भाचा

ता. क. एक नट अजून बसवायचा राहिलाय. इंजिनाच्या मागे, आतल्या पत्र्याला लागून. तिथेच घोडं पेंड खातंय. मिस्त्रीचा पंजा जात नाही. माझा गेला, पण येईना, तेल ओतून काढला. बायकोचा जाईल, पण तिला विचारणार कोण? ते घड्याळ खरंच कोपरापर्यंत सरकतं ना? मिस्त्री विचारतोय. दूध इतक्यात सुरू करू नकोस.

आणखी एक. थोडे दिवस तिकडेच काढ असं वर लिहिलंय ते खोड. सकाळच्या बसने नीघ. जुने कपडे घाल. तोवर कपाटामागे हात घालून चमचा फिरवायचा सराव ठेव.

शेवटचं. पत्र टेबलावर राहिलं होतं, ते बायकोने वाचलं. बाहेर आली, मिस्त्रीच्या हातातून पाना घेतला, नट बसवला आणि मगच बोलली. म्हणाली, म्हातारीला बोलवायला नट कशाला लागतो? ये म्हणता येत नाही? तर आत्या, आता तुला बोलवायला काहीच निमित्त उरलेलं नाही. तरी ये. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. बसबिस नको, रविवारी मीच येतो. येताना स्टेपनी तुझ्या जागेवर असेल, ती धाकट्याकडे उतरवू. यापुढे सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे तिनेच करावं. तू आता इथेच राहा. दूध घे.