वरच्या फळीवरचा हंडा

धुळे,
१५ फेब्रुवारी १९९४

प्रिय पितांबर,

पत्रात आधी खुशाली विचारतात. तुमची खुशाली मला पेपरात वाचायला मिळाली, म्हणून विचारत नाही. तुझ्या आईचा गुडघा पुन्हा सुजला आहे. मी ठीक आहे. जुन्या भांड्यांचं दुकान उघडतो आणि बंद करतो.

पेपर शेजारच्या सायकलवाल्या भाईदासनं आणून दिला. रविवारच्या पुरवणीचं पान त्यानं आधीच घडी घालून ठेवलं होतं. ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली जळगावात मेहरूणच्या तुझ्या नव्या घराच्या दिवाणखान्यात सुनंदा उभी. तिच्या डोक्यावर तांब्याचा हंडा उलटा टांगलेला, आत दिवा. फोटोखाली छापलं होतं की आजेसासूबाई कै. ताईबाई यांचा हा हंडा आता घराला प्रकाश देतो, आणि सासरे उत्तमराव यांच्या घराण्यातल्या पाच पिढ्यांच्या वस्तू माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या, त्यांना सुनेनं नवा जन्म दिला. मी दोनदा वाचलं. भाईदास जाईना. शेवटी म्हणाला, “नाना, हाऊ उत्तमराव कोण शे?” मी म्हटलं, छपाईची चूक. तर म्हणतो, “छापखानाले तुमनं नाव पसंत नही पडनं वाटस.” गल्लीतली चार माणसं हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

माझं नाव उखर्डू आहे. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली. चौथा मी झालो तेव्हा मला उकिरड्यावर लोळवून मग घरात घेतलं आणि हे नाव ठेवलं. जी वस्तू घरच्यांनाच नको, ती देवही उचलून नेणार नाही, अशी समजूत. म्हणजे ते नाव मला जगवायला ठेवलं होतं. तुला ते साहेबांपुढे उच्चारायला जड जातं हे मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे. जड जातं तर उच्चारू नकोस. पण मला न विचारता दुसरं चिकटवलंस, ते का? आणि तुझी आजी भिकुबाई, तिला ताईबाई करून टाकलीस, कारण हंड्यावर ताईबाई नाव घातलेलं होतं आणि ते पुसता येईना. पाणी भरायला तिच्याकडे डालड्याचा डबा होता, त्याला तार बांधलेली. आम्ही जर्मलच्या ताटल्यांत जेवलो. त्या बाईच्या वाट्याला आयुष्यात तांब्याचा हंडा आला तो मेल्यावर, पेपरात, आणि तोही दुसरीच्या नावानं.

त्या पाच पिढ्यांचं काय ते मी तुला सांगतो, कारण त्या प्रत्येक पिढीची घासाघीस मी केली आहे. काच टाकून तुम्ही ज्या चाकावर चहा पिता, ते एरंडोलच्या गाडीवानाचं. त्यानं गाडी मोडून रिक्षा घेतली. दाराला टांगलेली घुंगरमाळ साक्रीच्या बाजारातली, तिच्यातले दोन घुंगरू मीच दुसऱ्या माळेतून काढून घातले आहेत. आणि ज्यात सुनंदानं मोरपिसं खोचली आहेत ते लाकडी माप. पेपरात लिहिलं आहे की पणजोबा त्यानं धान्य मोजून देत. अरे, त्या मापाच्या बुडाला आतून लाखेचा थर आहे. ते कमी भरतं. वजनमापवाले येणार म्हणून एका किराणावाल्यानं ते घाईघाईत मला आणून दिलं होतं. तुझे पणजोबा रस्त्यावर खडी फोडत होते, पण कोणाला कमी मोजून दिलं असं त्यांच्याबद्दल कोणी म्हटलं नव्हतं. ते काम पणतवानं केलं.

चाक, माळ, माप यांबद्दल मी तुझ्याशी भांडत नाही. ती मीच दिली. तू पहिल्यांदा म्हणालास की सुनंदाला घर जुन्या वस्तूंनी सजवायचं आहे, तेव्हा मला बरं वाटलं होतं. बँकेत लागल्यापासून तू दुकानाची पायरी चढला नव्हतास. मी दोन दिवस बसून चिंच आणि राख लावून एकेक वस्तू घासली. तुझी आई म्हणाली, “सोताना लगनमा बी इतला चमकना नव्हतात.” ते सगळं तुझं. हंडा तुझा नव्हता, माझाही नव्हता. हे पत्र त्या हंड्याचं आहे.

आपल्या दुकानाची रीत तुला शिकवायची गरज नाही. जे भांडं मोडीत आलं ते वितळायला जातं. पण ज्याच्यावर नाव घातलेलं आहे ते तीन दिवाळ्या मोडायचं नाही, विकायचं नाही. कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवायचं. बाई माघारी आली तर दिलं त्याच भावात तिला परत करायचं. ही रीत सरकारची नाही, माझी आहे, आणि तिच्यावरच साक्रीपासून इकडच्या बाया बाकीची दुकानं ओलांडून माझ्याकडे येतात. दहांतली एखादीच परत येते. पण ती फळी आहे म्हणून बाकीच्या नऊजणींना भांडं ठेवून जाताना रडू येत नाही. तू चौथीत होतास तेव्हा त्या फळीवरची नावं वाचून दाखवायचास. जोडाक्षरं तू तिथे शिकलास, शाळेत नाही. त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं नाना’ हे उत्तर लिहून पाठवू नकोस.

दिवाळीत मी बाजाराला गेलो होतो. तू आईकडून किल्ली घेतलीस. तिनं दिली, तिला वाटलं पोराला दुकानाचं कौतुक आलं. तू फळीवरचं कापड सोडलंस. ‘सौ. ताईबाई हीस आईकडून, आखाजीच्या सणाला’ एवढं त्या हंड्याच्या गळ्यावर टोचलेलं आहे, ते वाचलंस. कापड घडी करून तिथेच ठेवलंस. एवढा व्यवस्थित माणूस तू. मी आल्यावर आईला विचारलं, तर म्हणाली, “एक हंडाच तं लई गया. पोऱ्यानं घर चांगलं दिखस ना?” मी त्याच दिवशी जळगावची बस धरायला हवी होती. धरली नाही. सणाचे दिवस, सून काय म्हणेल, असं करत राहिलो. हा माझा दोष, आणि तो मी तुझ्यावर ढकलत नाही.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आलो तो मुळात हंडा परत न्यायला आलो होतो. हे तुला आज कळतं आहे. तुझे साहेब आणि त्यांच्या बाई बसले होते. मी आत आलो आणि वर बघितलं. बुडाला अंगठा जाईल एवढं भोक, त्यातून वायर, आणि ताईबाईचं नाव उलटं. माझ्या हातातली पिशवी कोणी घेतली नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा सुनंदा पटकन म्हणाली, “हे धुळ्याचे. जुन्या वस्तूंची फार पारख आहे त्यांना.” तू मान हलवलीस. पारख! तेहतीस वर्षं तुझा बाप आहे मी, आणि ओळख काय, तर धुळ्याचे. पण त्याहून वाईट पुढे झालं आणि ते मी केलं. साहेबांनी विचारलं, हंडा किती जुना असेल हो? मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा पडला होता, लहानपणी काच फोडल्यावर पडायचा तसा. मी म्हणालो, असेल शंभर वर्षांचा, असा घाट आता कोणी करत नाही. साहेब खूश झाले. तू मला बशीत चिवडा दिलास. मी चिवडा खाऊन धुळ्याच्या बसमध्ये बसलो आणि मनाशी ठरवलं की ती बाई काही येत नाही. दहांतली एक येते, ती हीच कशावरून?

ती गेल्या गुरुवारी आली. दुकान उघडून मी फडकं मारत होतो. साक्रीच्या पुढून पहिल्या गाडीनं आलेली, पासष्ट-सत्तरची बाई, पदरात पैशांची पुरचुंडी. “भाऊ, मना हंडा लेवाले उनू. नातनं लगीन शे.” तिच्या आईनं तिला दिला, तिनं लेकीला दिला. जावई दीड वर्षापूर्वी धुळ्याच्या दवाखान्यात पडून होता, तेव्हा लेकीनंच तो आईकडे माघारी दिला आणि आईनं माझ्याकडे ठेवला. जावई वाचला नाही. आता नातीच्या हळदीचं पाणी त्याच हंड्यात काढायचं, आणि लग्न लागलं की हंडा नातीबरोबर जायचा, एवढंच त्या दोघी बायांनी धरून ठेवलं आहे. ती बोलताना वरच्या फळीकडे बघत होती. तुझी कापडाची घडी तिथेच आहे.

मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, नवा देतो, याहून जाड पत्र्याचा, पैसे नकोत. ती म्हणाली, “नवा तं बजारमा बी भेटस, भाऊ.” मग माझ्याकडे बघून एकदम उभी राहिली. “मोडी टाका का?” मी म्हटलं, नाही, मोडला नाही. “ईकी टाका?” विकला नाही. तिसरा प्रश्न तिला सुचेना. भांड्याचं आणखी काय होऊ शकतं हे तिला ठाऊक नाही. तिला कोण सांगणार की शहरात हंडा उलटा टांगतात! मी एवढंच म्हणालो की माझ्या मुलाच्या घरी जळगावला आहे. ती लगेच बसली. तिचा जीव भांड्यात पडला असं म्हणायची सोय आपण ठेवलेली नाही. म्हणाली, “मंग काय भेव शे, घरमाच शे.” तुझ्या नावावर ती निश्चिंत झाली. मला त्या वेळी तुझा जेवढा राग आला तेवढा पेपर वाचून आला नव्हता.

परवा मी तांबटाकडे जाऊन विचारून आलो. भोकाला डाग देता येईल, पाणी गळणार नाही. पण डाग दिलेलं भांडं हळदीला चालतं का, हे तांबट सांगू शकत नाही आणि मीही नाही. ते ती बाई सांगेल. चालतं म्हणाली तर डाग द्यायचा, नाही म्हणाली तर तिच्या पायांवर डोकं ठेवायचं. माझ्या दुकानावर ती काय बोलेल आणि साक्रीच्या बाजारात माझं नाव काय होईल, ते मी सोसेन. कोणत्या नावानं सोसायचं हेही आता मला माहीत आहे. तू मला धीर द्यायला येऊ नकोस.

आता पत्र का लिहिलं ते. येत्या रविवारी, वीस तारखेला दुपारी सुनंदा महिला मंडळाच्या बायकांना घरी बोलावून जुन्या वस्तूंपासून सजावट कशी करायची ते दाखवणार आहे, असं पेपरात शेवटी छापलं आहे. साहेबांच्या बाई अध्यक्ष आहेत. मी ताईबाईला रविवारचीच वेळ दिली आहे. दुसरा वार देता आला असता, दिला नाही. मेहरूणचा पत्ता कागदावर लिहिला आणि तिच्या हातात दिला. ती आणि तिची लेक दोघी येतील. मी येणार नाही. मी आलो तर तू माझ्याकडे बघशील, आणि मी पुन्हा तुझ्यासाठी काहीतरी बोलून जाईन. हंड्याला भोक पाडलं आहे हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण ते काम तुझं आहे. पेपरात तुम्ही जिला कैलासवासी केलीत ती दारात उभी राहील आणि सगळ्यांदेखत तुला विचारील, उखर्डूभाऊचा मुलगा तूच का? काय सांगायचं ते तुझं तू ठरव. फक्त एक लक्षात ठेव, तिला कमी ऐकू येतं. जे उत्तर देशील ते मोठ्यानं द्यावं लागेल.

तुझाच, अजून तरी,
नाना