तळ्याच्या वरच्या अंगाला

आई, तळं आटलं. तू गेल्यापासून इतक्या वर्षांत कधी आटलं नव्हतं. यंदा पाडव्यालाच तळ दिसायला लागला, आणि आता बायका मधोमध झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरतात. टँकर येतो, पण मलकापूरहून चढण चढून आपल्या वाडीवर पोचेपर्यंत दिवस कलतो. हे तुला सांगू नये असं वाटतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

पावसाळ्यात डोंगरावरून धो धो वाहून जाणारं पाणी, आणि उन्हाळ्यात प्यायलाही नाही, म्हणून तू गल्लीतल्या बायका गोळा केल्यास. तुम्ही तळ्यातला गाळ उपसलात, वरच्या उतारावर पाणी अडवायला दगडांच्या ताली रचल्यात, बुजलेले झरे मोकळे केलेत. पाणी टिकायला लागल्यावर गावसभेत ठरलं, की तळ्यात मोटार टाकायची नाही आणि वरच्या अंगाला बोअर मारायची नाही. पहिली मोटार टाकली ती आपल्याच काकांनी. तू त्यांना जेवायला बोलावलंस. मी चुलीपाशी भाकरी थापते आहे, तू त्यांच्या ताटात झुणका वाढते आहेस, आणि आवाज न चढवता म्हणतेस, "भावजी, पोटभर जेवा. मग मोटार काढायला मी येते संगं." ते पोटभर जेवले. नंतर तुम्ही दोघांनी मिळून ती चिखलातून ओढून काढलीत.

आता वरच्या अंगाला बोअर मारणाऱ्यांत तुझा मुलगा आहे. तुझ्याच रानात, झऱ्यांच्या अगदी डोक्यावर. त्याच्या आधी दोघांनी उसासाठी मारल्या होत्या, तेव्हा गाव गप्प बसलं. मग यानं मारली, आणि झरे बंदच झाले. बायका माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, तुझी आई नाही, आता तूच बोल. मी गावसभेत उभी राहिले. पाऊस पडेपर्यंत वरच्या बोअरी बंद, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी तिन्ही मोटारी चालूच. मग मी तुझ्यासारखंच केलं. भावाला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "अक्का, मी बंद करतो की. पन आधी त्या दोघांस्नी करू दे. माझाच ऊस वाळवू व्हय?" मी त्या दोघांकडे गेले. ते म्हणाले, आधी तुझ्या भावाला सांग.

यावर तू काय केलं असतंस? मी खरंच विचारते आहे. तुझ्या वेळी माणसं चांगली होती असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. तेव्हा तळ्यातली मोटार सगळ्या गावाला दिसत होती. जमिनीखालून कोण किती ओढतो, ते कुणालाच दिसत नाही. रात्रंदिवस मोटारीचा आवाज तेवढा येतो, आणि मी कानावर पदर घेऊन बसते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ठाऊक आहे मला. म्हणूनच लिहिते. काल टँकर आलाच नाही. घरात नात तापानं फणफणलेली. भाऊ आला आणि त्याच्या बोअरची नळी माझ्या परसात सोडून गेला. समोरच्या वाटेनं बायका रिकाम्या घागरी घेऊन झिऱ्याकडे चालल्या होत्या. मी पुढचं दार लोटून घेतलं, आणि घरातली सगळी भांडी भरली.