पाच अंक, एक पाटी आणि चालू वर्गणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, पूर्वीचा धंदा व्हिडिओ गेमचे पार्लर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. अशा कागदावर 'स्वखुशीने' असे लिहायची पद्धत आहे. खुशी नाही, पण जबरदस्तीही कोणाची नाही, एवढे नोंदवते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. बँकेतली ठेवही तशीच, कलम सातमधला खर्च सोडून. अंमलबजावणी मुलीने करावी.

२. खालच्या गाळ्यातली गेमची दोन जुनी मशिने आणि माझ्या यजमानांची सोल्डरिंगची पेटी मुलीला. यजमानांना सगळी वस्ती उस्ताद म्हणायची, मीही म्हणत असे. बापाशेजारी बसून बटणांच्या तारा जोडायला तीच शिकली. मशिने विकायची तर विकावीत. पेटी विकू नये.

३. माझा वाचायचा चष्मा नणंदेला. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर अक्षर लावून वाचावे लागे. ती चारचौघांत म्हणाली होती, "आमच्या दादाने अंगठेबहाद्दर आणली." वाचायला मी गल्ल्यावर शिकले. पार्लरमध्ये दर महिन्याला गेमचे मासिक येई, आणि कोणी पळवू नये म्हणून ते गल्ल्याला साखळीने बांधलेले असे. गिऱ्हाइके ओरडत, "काकू, तिसऱ्या लेव्हलचा राक्षस कसा मारायचा? बघा ना त्यात, पटकन!" इज्जतीचा प्रश्न होता. बोट फिरवत फिरवत मी राक्षस मारले. पुढे ग्रंथालयातली दोन कपाटे वाचून काढली, पण पाया त्या मासिकाचा. नणंदेला आता धड दिसत नाही असे ऐकते. माझा नंबर तिला लागू पडणार नाही. तरी द्यावा.

४. दगडी पाटी मुलाला. हिची हकीकत सांगणे भाग आहे.

उस्तादांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. त्यानंतर ते आठ महिने जगले. बोलणे व्हावे म्हणून मी पाटी आणली. भेटायला येणाऱ्यांसाठी ते पाटीवर लिहीत. मुलगा यायचा, अर्धा तास बसायचा, त्याच्यासाठीही पाटीच. "बरा आहे. तू नीघ." वाचून झाले की पुसायचे. माझ्याशी मात्र ते मासिकाच्या समासात बोलत. दिवसभर जुने अंक चाळत पडलेले असत, पेन्सिल कानावर. "साखर कमी पडली." "हा पूल दुसऱ्या उडीत ओलांडता येतो, छापलंय ते चूक." "आज फार दुखतंय, मुलीला सांगू नकोस." "रागावलीस?" एकदा मी म्हटले, अहो, पाटी आहे ना, अंक कशाला खराब करता? त्यावर लिहिले, "पाटी पुसावी लागते."

पाटी पुसलेली आहे. तिच्यावर काही शोधू नये.

५. मासिकाचे अंक. अठरा वर्षांचे होते. तीन वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशननंतर मी पंधरा दिवस मुलीकडे राहिले. परत आले तर कपाट रिकामे. मुलगा इंटरनेटवर जुन्या गेमचे व्हिडिओ करतो. तो दारातच म्हणाला,

"आई, सरप्राइज! अठरा वर्षांचे अंक, सगळे या एवढ्याशा डबीत. स्कॅन करून घेतले."

"आणि अंक?"

"रद्दीत दिले गं. स्कॅनला पाठ कापावी लागते, पानं सुटी होतात. ती ठेवून काय करायचं?"

त्याने पडद्यावर पाने दाखवली. पांढरीशुभ्र. समास कोरे.

"बघ, किती स्वच्छ आलंय! डाग, पेन्सिलीच्या रेघोट्या, सगळं आपोआप जातं."

मी "छान" म्हटले आणि आत जाऊन भाजी चिरायला बसले. तेव्हापासून त्याला काही बोलले नाही. त्याला हे आत्ता, हा कागद वाचताना कळते आहे. त्याने मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. आठ महिन्यांत त्याने एकदाही बापाच्या हातातला अंक घेऊन उघडला नाही, एवढेच म्हणते.

६. पाच अंक शिल्लक आहेत, कारण ते मी मुलीकडे जाताना पिशवीतून नेले होते. चार मुलीला. पाचवा मुलाला. त्याच्या अडतिसाव्या पानावर उस्तादांनी लिहिले आहे, "पोरावर चिडू नकोस. त्याला बघवत नाही, म्हणून लवकर उठून जातो." त्याखाली मी माझ्या पेन्सिलीने उत्तर लिहिले आहे, "कळतं. पण अजून जमलं नाही." हा अंक स्कॅन करू नये.

७. मासिकाची वर्गणी. आता ते दोन महिन्यांनी येते आणि अंगाने निम्मे झाले आहे. पेपरवाला म्हणतो, "काकू, माझ्याकडे एकच प्रत येते, तुमची. नेटवर सगळं फुकट आहे. करू का बंद?" त्याचे खरे आहे. बातम्या शिळ्या असतात. ज्या गेमची जाहिरात मागच्या पानावर, त्याचेच कौतुक आतल्या पानावर. वाचण्यासाठी म्हणाल तर पैसे पाण्यात.

तरी ठेवीच्या व्याजातून ही वर्गणी मुलाच्या नावे, मासिक निघते तोवर चालू ठेवावी. त्याने वाचले नाही तरी चालेल. अंक सुनेने जपून ठेवावेत, आणि जवळ एक पेन्सिल. घरात कोणाचा आवाज कधी जाईल सांगता येत नाही, आणि पडद्याला समास नसतो.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच दोनदा वाचला. कोणाला वाचून दाखवावा लागला नाही.

सही केली आहे. अंगठा नव्हे.

साक्षीदार:
१. समोरचा बुकबाइंडर. (सही करताना म्हणाला, "काकू, रद्दीत द्यायच्या आधी मला एक हाक मारली असती तर सगळे बांधून दिले असते हो.")
२. डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला.

ठिकाण: खालचा गाळा, गल्ल्याचे टेबल
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२४, सोमवार