दहा झोक्यांना एकोणीस सेकंद

प्रिय रोसाचेची,

येशू ख्रिस्ताला स्तुती असो. तुझ्या गुडघ्याला त्या वैद्यांच्या तेलाने उतार पडला का? (तेल जिरेपर्यंत बसून राहायचं असतं, तू लगेच कोंबड्यांमागे धावत असशील.) आम्ही ठीक. तुझ्या भावजयीने, मोळीकुट्टीने, फणसाचे काप तळलेत, ते सोबत पाठवतो.

आता, चर्चमध्ये माझ्याबद्दल तू काहीबाही ऐकलं असशील, ते माझ्याच तोंडून ऐक. यंदा आमच्या शाळेत फर्मान निघालं, की विज्ञान संगणकावर सिम्युलेशन दाखवून शिकवा. म्हणजे दोरी पडद्यावर, गोळा पडद्यावर, लंबक झुलतो तोही पडद्यावरच. हवेचा अडथळासुद्धा तिथे बंद करता येतो, मग जेवणाची सुट्टी संपली तरी बेटा झुलतोच आहे. मी वर्गाला म्हटलं, ज्याला थकवा येत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नका. (मुलं हसली, मी खूश झालो. तिथंच चुकलं.)

अकरावीत रिसाना म्हणून मुलगी आहे, बापाची लाकडाची वखार. तिचं म्हणणं, एक मीटरचा लंबक पडद्यावर दहा झोक्यांना (जाऊन परत आला की एक) वीस सेकंद घेतो, आपल्या प्रयोगशाळेतला एकोणीसच. तिने घड्याळ बदलून तीनदा मोजलं. मग पडद्यावर पृथ्वीची ओढ वाढवत नेली (तीही तिथे वाढते), तेव्हा कुठे एकोणीस जमले. आणि भर वर्गात शांतपणे मला म्हणाली, "सर, संगणक खरा असेल तर आपली प्रयोगशाळा पृथ्वीवर नाही."

नेमक्या त्या दिवशी तपासणीला आलेल्या शोभनाकुमारी मॅडम मागच्या बाकावर. मग काय, संगणकाने आमचं कोतमंगलम कुठं पाहिलंय, असं म्हणून मी अर्धा तास दमट हवा, डोंगर आणि पेरियार नदी यांना जबाबदार धरलं. रिसाना ऐकत होती आणि ऐकता ऐकता आमची सागवानी मोजपट्टी हातात फिरवत होती. तिने टोक माझ्यापुढे धरलं. पट्टी दहापासूनच सुरू होत होती. वाळवीने खाल्लेला भाग कधीतरी कुणीतरी कापून वर सुंदर पॉलिश मारलं होतं, आणि आम्ही नव्वद सेंटिमीटरला मीटर म्हणत होतो.

वाळवीवर सगळं ढकलून मी सुटणार, तोच मॅडमनी कपाटातल्या जुन्या प्रयोगवह्या काढल्या. प्रत्येकीत पृथ्वीच्या ओढीचं उत्तर ९.८, पुस्तकातलं. "पट्टी तोकडी, मग उत्तर बरोबर कसं?" त्यांनी विचारलं.

चेची, मला तीन-चार चांगल्या थापा सुचल्याही. पण समोर रिसानाची वही उघडी होती. तिने मोजलं तेच, १०.९, लिहिलं होतं, आणि आठवड्यापूर्वी त्यावर मीच लाल फुली मारली होती.

"उत्तर मी आधी सांगायचो," मी म्हणालो. "मुलं आकडे त्याला जुळवायची. चूक त्यांची नाही."

मॅडमनी वही मिटली. "शाळेत असताना मीही तसंच लिहिलं होतं," एवढंच म्हणाल्या आणि चहा मागितला. (अहवालात त्यांनी लिहिलंय, की शिक्षक चुका शोधण्यास उत्तेजन देतात. मोळीकुट्टीने तो दोनदा वाचला, दोनदा हसली.)

दुसऱ्या दिवशी मी रिसानाची फुली खोडून खाली सही केली. आता आधी खरा लंबक, मग पडद्यावरचा, आणि जुळलं नाही तर पोरं बाह्या सरसावून कामाला लागतात. मला मात्र ते यंत्र अजून आवडत नाही, हे ध्यानात असू दे.

तुझा धाकटा भाऊ,
पैली

ता. क. : आमच्या हेडमिस्ट्रेस तुझ्या बालमैत्रीण. शनिवारी संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असावी, असं सहज त्यांच्या कानावर घाल. मला गुरू ग्रहावर लंबक टांगून बघायचाय.

ता. ता. क. : मी स्वतः मागणं बरं दिसत नाही. हे यंत्र वर्गात आलं तर राजीनामा देईन, असं जूनमध्ये मी लेखी दिलंय. तो कागद त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात असतो. गप्पांच्या नादात हाती लागला, तर घेऊन ये.