पोटाला शिवलेला हात

४ मार्च

ती. ताईस,
पाया पडतो, पण एकाच हातानं.

मी कुठं टिकत नाही, आठ दिवसांत पाय खाजायला लागतात, हे तुझं पालुपद आता पुरे. टिकलोय. खाटेवरून हलता येत नाही. उजवा हात पोटाला शिवलाय, खरंच, टाके घालून, जांघेच्या वर. कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसखाली दोन बोटं सोलून निघाली, हाडं उघडी पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरून नुसती कातडी चिकटवली तर धरणार नाही. म्हणून पोटाची कातडी एका बाजूनं जोडलेली ठेवून बोटांवर गुंडाळली. तीन आठवडे तिला पोटाचं रक्त, मग कापून हात मोकळा. तोवर शिंकायचीही भीती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मला ‘खिशात हात घातलेला साहेब’ म्हणतो. डाव्या हातानं लिहितोय, कोंबडी नाचल्यासारखं दिसलं तरी वाच.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच ती खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. माल लवकर निघावा म्हणून तुझ्या दिरानं, आमच्या फोरमननं, एक बटण पट्टी बांधून कायमचं दाबून ठेवलं होतं. महिनाअखेर चौकशीवाले येतील. मी त्याचं नाव सांगणार. दाजींना आधीच कळव, मागून बोंब नको.

तुझाच,
धाकटा

११ मार्च

चि. धाकल्यास,
आशीर्वाद मागायची तुला गरज नाही.

तुझं पत्र ओट्याशी उभ्यानं वाचलं आणि दूध उतू गेलं. सासूबाईंनी मग सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायला लावलं. तुझे दाजी म्हणाले, माझ्या भावाची नोकरी गेली तर तू तुझ्या भावाकडं चालू लाग. आई-बाबा गेल्यावर मला दुसरं दार कुठलं रे? तुम्ही पाचजण एका खोलीत राहता. नाव घेऊ नकोस. दवाखान्याच्या खर्चाचं भाऊजी, तुझे फोरमनच, बघणार आहेत, शब्द दिलाय.

रागावलास तरी आपली म्हण.
ताई

१६ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

हात सुटला. दोन्ही बोटं एकाच मोज्यात कोंबल्यासारखी जोडलेली आहेत. गरम चहाचा पेला धरला तरी कळत नाही. पोटाचीच कातडी, तेव्हा मी जाड झालो तर बोटंही जाडी होतील म्हणे. मी म्हटलं, बाई, आमच्या खाणावळीत तो धोका नाही. अजून एकदा कापून बोटं वेगळी करायची आहेत, नाहीतर अशीच आखडतील.

चौकशीवाल्यांना सांगितलं, पट्टी मीच बांधली. तुझा दीर शेजारी उभा राहून स्वतःचे बूट बघत होता. चूक माझी ठरली, भरपाई बुडाली. आता तू लिहितेस, दाजी म्हणतात, तुझ्या भावानंच कबूल केलंय, तर दवाखान्यात भरलेले पैसे परत कर. खरं काय ते त्या घरात तूच वाचून दाखवलंस ना? त्यांच्यासमोर एकदा तरी तोंड उघडलंस का? नको, लिहू नकोस. तुला तिथं राहायचंय.

खोलीतल्या चौघांनी माझी बोटं सोडवायला वर्गणी काढली होती, तीच पाठवतोय. दाजींच्या हातावर ठेव. माया असेल तेवढी असू दे.

नऊ हजार चारशे.