चार जागांची गाडी

२ नोव्हेंबर
सासरी आले. दोन सुटकेस, एक टेबलफॅन आणि नर्सिंगची जाडजूड पुस्तकं, एवढाच माझा संसार. घर दुसऱ्या मजल्यावर, खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. दिवसभर कानशीची करकर वर येते, पण घरात जाग असल्यासारखं वाटतं. सासू-सासरे नाहीत. नवरा, त्याची थोरली बहीण आणि धाकटा भाऊ, तीनच माणसं. नणंदेला मी ताई म्हणते. त्या शाळेत गणित शिकवतात आणि घरातही आवाज न चढवता सगळ्यांना ओळीत उभं करतात. भाऊजी चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत आणि स्वतःचाच चष्मा हरवून बसतात.

सोमवारपासून नव्या हॉस्पिटलात सकाळची ड्युटी.

बाहेरच्या खोलीत सोफा नाही. भिंतीला लागून लांब फळी, तिच्यावर चार कॉम्प्युटर, समोर चार खुर्च्या. आम्ही भावंडं एक गेम खेळतो, एवढं नवऱ्याने लग्नाआधी सांगितलं होतं. चौथी खुर्ची माझ्यासाठी पुसून ठेवलीय, हे नव्हतं सांगितलं. मला फार आवडलं ते. इतक्या सहज कुणी घरात घेत नाही.

६ नोव्हेंबर
ड्युटीवरून आले की दुपारच्या चहानंतर खेळायला बसतो. बर्फात बुडालेलं एक ओसाड गाव. चौघांनी घराघरांतून लाकूड, पेट्रोल, औषधं गोळा करायची आणि पुलापाशी गाडी आली की निसटायचं. गावात भुकेले फिरतात. त्यांना दिसत नाही, पण ऐकू येतं. कुणी पडलं की हात वर करून पडून राहतं. सोबत्याने जवळ बसून उचललं तरच ते उठतं.

पहिल्याच दिवशी मी एक काच फोडली. सगळे भुकेले आमच्या अंगावर. भाऊजी म्हणाले, वहिनी अगदी वाजतगाजत आल्या. मग सापडली ती औषधं मी माझ्याच पिशवीत भरली आणि नवरा रक्त जाऊन पडला. त्यावर तो म्हणाला की हॉस्पिटलात असं करत नसशील ही आशा आहे. तिसरी चूक, एका उजेडाच्या घराकडे एकटीच पळत सुटले.

ताई रागावल्या नाहीत. नवशिक्याच्या चुका चांगल्या, म्हणाल्या, त्या लगेच दिसतात. मुरलेल्या माणसाच्या चुका दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

११ नोव्हेंबर
हात बसतोय. आता काच फोडत नाही, खिडकी हळू सरकवते. औषध सापडलं की आधी विचारते कुणाला हवंय. काल पहिल्यांदा चौघंही गाडीत बसलो. ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. माहेरी इतकी शाबासकी वर्षात मिळायची नाही.

एक गोष्ट खटकली. पुलाच्या अलीकडे, पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे, नारिंगी कोट घातलेला एक माणूस पडलेला असतो. हात वर. आमच्यातला नाही. मी विचारलं तर तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ताई म्हणाल्या, गेममधला बिघाड आहे, तिकडे बघायचं नाही. पण भाऊजी तिथून जाताना मान वळवतात, हे मी पाहिलं.

१५ नोव्हेंबर
मी त्याला उचललं.

मुद्दाम नाही केलं. मागे राहिले होते, वाट पंपाच्या खोलीमागून होती आणि त्याचा हात थरथरत होता. पडलेल्या माणसाला ओलांडून जायला मला कुणी शिकवलंच नाही. खाली बसले, बटण दाबून धरलं. तो उठला. कोपऱ्यात आम्हा चौघांची नावं असतात, जो पडेल त्याची ओळ लाल होते. त्यांच्याखाली पाचवी ओळ आली. नाव नाही, नुसती ओळ.

ताईंचा चेहरा उतरला.

पुलापाशी गाडी आली. जागा चारच. कोटवाला सगळ्यांच्या आधी चढून बसला. भाऊजी खाली राहिले. हसत म्हणाले, घ्या, आमच्याच गाडीतून आम्हालाच उतरवलं. मग भुकेले त्यांच्यापर्यंत पोचले आणि ते पडले.

त्यांच्या खुर्चीतून आवाज येईना म्हणून वळून पाहिलं. डोळे उघडे. उजवा हात हळूहळू वर जात होता.

१७ नोव्हेंबर
भाऊजी माझ्याच वॉर्डात आहेत. रक्त, डोक्याचा फोटो, सगळं स्वच्छ. मोठे डॉक्टर दोनदा येऊन गेले, त्यांनाही उलगडत नाही. वर गेलेला हात दोघांनी जोर लावूनही खाली येत नाही. स्क्रीनवर ते पुलापाशी बर्फात पडलेत, हात तसाच.

नवऱ्याने वैतागून सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या. मी तेव्हा भाऊजींच्या उशाशी होते. त्यांचा श्वास थांबला. घरी फोन केला, वायरी उपटल्याचं कळलं, परत लाव म्हणून ओरडले. वायरी पुन्हा लावल्यावर श्वास आला. नंतर पाहते तर माझ्या नखांचे वण त्यांच्या मनगटावर.

संध्याकाळी ताईंनी सांगितलं. मागच्या वर्षी चौथी जागा रिकामी होती, म्हणून एक अनोळखी माणूस त्यांच्यात खेळायला आला. अगदीच नवखा. सारखा चुकायचा, सारखं विचारायचा, पण मनापासून खेळायचा. एकदा पंपाच्या खोलीमागे पडला. गाडी आलेली होती. येतोच, थांब, असं ताईंनी त्याला सांगितलं आणि तिघं गाडीत बसून गेले. तो खेळातून बाहेर पडलाच नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथेच होता. मी उचलेपर्यंत तिथेच होता.

खेळच तर होता गं, ताई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर
भाऊजींना उचलायला तिघं आत गेलो. एकही चूक करायची नाही असं ठरवून. पाठीला पाठ लावून, आवाज न करता, औषधाचे तीन सारखे वाटे करून. कोटवाला मागून येत होता. काही करत नव्हता, फक्त मी वळले की तोही थांबायचा.

पुलापाशी पोचलो. ताई भाऊजींजवळ बसल्या. वॉर्डातल्या सिस्टरला मी फोन चालू ठेवायला सांगितलं होतं. ती म्हणाली, बोटं हलतायत, हात खाली येतोय.

आणि कोटवाल्याने काच फोडली. शेजारच्या घराची, हातातल्या लोखंडी सळीने, एकामागून एक सगळ्या खिडक्या. भुकेले ताईंवर आले.

ताईंनी भाऊजींना सोडलं नाही. त्यांच्यावरच पडल्या. इथे, माझ्या डाव्या हाताला, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा हात वर गेला. बांगडी कोपरापर्यंत घसरली.

२० नोव्हेंबर
ताई आणि भाऊजी शेजारशेजारच्या खाटांवर. वॉर्डातले पेशंट त्या दोन हातांकडे बघतात आणि कूस बदलतात. डॉक्टरांनी मला विचारलं, घरात गॅस गळतो का, काही विषारी पोटात गेलंय का. काय सांगू.

तो आमच्याकडूनच शिकला. काच फोडली की काय होतं, हे त्याला माहीत आहे. मी फोडली तेव्हा तो पडल्या पडल्या बघत असणार. माझी प्रत्येक चूक त्याने पाठ केलीय.

माझ्यावर मात्र एकदाही काही येऊ दिलं नाही त्याने. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२२ नोव्हेंबर
दोघंच गेलो. नवरा नको म्हणत असताना मीच म्हटलं, दोन माणसं तिथे पडलीत.

खेळात नवऱ्याच्या पायाला जखम झाली. औषधं शोधली, एका घरात नाहीत, दुसऱ्यात नाहीत, कपाटं आधीच उघडी. सगळी कोटवाल्याकडे. पिशवी भरलेली. नवरा रक्त सांडत चाललाय आणि तो ती पिशवी माझ्यापुढे धरून उभा. त्याच्या हातचं औषध मी घेतलं की लगेच मलाच लागतं, नवऱ्याला देताच येत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला.

नवऱ्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. शेवटी एवढंच म्हणाला, सगळे पडले तर डाव संपतो. नवा सुरू होतो. सगळे उठतात. सगळे, समजलं ना —

त्याचा हात वर आहे. मी त्याला खुर्चीतून हलवलेलं नाही. तोंडात चमच्याने पाणी घालते, ते बाहेर येतं.

२३ नोव्हेंबर
हॉस्पिटलातून फोन. ताईंची नाडी मंद होतेय. भाऊजींचीही. घेतला नाही पुढचा फोन.

तो स्क्रीनवर माझ्यासमोर शेकोटी पेटवून बसलाय. लाकडं आणून टाकतो. मला थंडी लागू नये म्हणून.

सगळे पडायला हवेत. तो उभा आहे तोवर डाव संपणार नाही.
मला त्याला पाडायला हवं. ज्याला मी उचललं, त्याला.

२३, दुपार
खेळात एका घरात बंदूक सापडली. एकच गोळी. वही मांडीवर आहे, एका हाताने लिहितेय.

तो पाठ करून बसलाय. माझ्याकडे पाठ. विश्वासाने —
माफ कर रे बाबा.

पडला. हात वर केला त्याने. तसाच थरथरतोय, पहिल्या दिवशीसारखा. नाही बघणार. नाही.

शेकोटी विझवली. बाहेर आले. ओरडतेय. या, या सगळे —

आले.

पडले मी. गार वाटतंय, खरंच गार. उजवा हात उचलला जातोय, पेन डाव्या हातात घेतलंय —

पाचही ओळी लाल. डाव संपतोय असं आलंय स्क्रीनवर. नवऱ्याची पापणी हलली. हलली, मी पाहिलं. हात खाली येतोय त्याचा, येतोय, अजून थोडं —

एक ओळ लाल नाही.
खालची. नाव नसलेली.

माझ्या दोन्ही काखांखाली हात. स्क्रीनवर नव्हे, इथे. पेशंटला उचलतात तसे, सांभाळून, मी शिकवल्यासारखे. नको, उचलू नको, मला पडून राहू दे, ते तिघं अजून —