कचऱ्याच्या कप्प्यात सापडलेली तीन उत्तरे

प्रति,
मा. अधीक्षक,
शस्त्रक्रिया नोंदणी कक्ष,
शासकीय नेत्र रुग्णालय

विषय : वेळेत दिलेले उत्तर आपल्या कार्यालयाने न वाचल्यामुळे रद्द झालेली वडिलांच्या शस्त्रक्रियेची तारीख परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपला दि. ३ चा ईमेल व माझी दि. ३, ४ आणि ५ ची उत्तरे.

महोदय,

१. मी रेडिओ दुरुस्त करते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने माझा ईमेलचा पत्ता कारण न देता बंद केला. बहिणीची अकरा वर्षांची पत्रे त्यात गेली. दाद मागायला तिथे माणूसच नव्हता. म्हणून मी जुन्या संगणकावर स्वतःचा ईमेल सर्व्हर उभा केला; तेव्हापासून माझा ईमेलचा पत्ता कुठल्या कंपनीचा नाही, घरचा आहे. तीन आठवडे खपले. पत्र खरोखर माझ्याकडूनच आले आहे हे पटवणाऱ्या सर्व नोंदी नियमानुसार केल्या. हे आपणांस समजावे असा माझा आग्रह नाही. आपल्या कक्षात कोणा एकाला समजावे, एवढीच माफक आशा होती.

२. वडिलांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दि. १२ रोजी ठरली होती. "तीन दिवसांत होकार कळवा," असे आपण लिहिलेत. मी दहा मिनिटांत कळवला. पोच नाही म्हणून पुढचे दोन दिवस पुन्हा कळवला. दि. ६ रोजी "प्रतिसाद नाही" असा शेरा मारून ती तारीख दुसऱ्या रुग्णास देण्यात आली.

३. मी खिडकीवर गेले. आपल्या लिपिकाने जंकचा कप्पा उघडला, म्हणजे संशयास्पद वाटणारे ईमेल संगणक आपोआप टाकून देतो तो. टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिरातींमध्ये माझी तिन्ही उत्तरे पडलेली होती. ते म्हणाले, "ताई, एखाद्या चांगल्या कंपनीचा पत्ता घ्या ना. घरच्या पत्त्याला कोण विचारतं?" त्या कप्प्यात याआधी कधी डोकावलात का, असे विचारता त्यांनी चहा मागवला.

४. घरी हे सांगितल्यावर वडील म्हणाले, "डोळे असलेल्यांना पत्र दिसलं नाही, तर माझं काय घेऊन बसलीस?" ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. आता माझ्या चपलांच्या आवाजावरून मला ओळखतात.

५. माझा हेका त्यांच्या डोळ्यापेक्षा मोठा नाही. मी मान खाली घालून लिपिकांना हवा तसा मोठ्या कंपनीचा फुकटचा पत्ता घेतला आणि तोच मजकूर, एक काना न बदलता, पाठवला. एका मिनिटात पोच आली. म्हणजे आपले कार्यालय पत्र वाचत नाही, पाकिटावरचा शिक्का बघून मुजरा करते. पोचेत पुढची तारीख पाच महिन्यांनंतरची आहे. डावा डोळाही अधू होत चालला आहे, हे आपल्याच डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

६. तरी याच महिन्यातील तारीख द्यावी. हा अर्ज कागदावर, हातोहात देत आहे. कागदाला जंकचा कप्पा नसतो, असे मी समजून चालते.

आपली, नाइलाजाने नम्र,
(सही)
अर्जदार, रुग्णाची मुलगी
दि. ९

सोबत : तीन उत्तरांच्या छापील प्रती, डॉक्टरांचा दाखला, वडिलांचे संमतिपत्र. संमतिपत्रावरील सही रेघ सोडून मजकुरावर गेली आहे. मी त्यांचा हात धरणार होते, त्यांनी धरू दिला नाही. ती ग्राह्य धरावी.